पारदचा राणोजी, अक्कलकोटचे फत्तेसिंह



अक्कलकोट म्हटलं की आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही मुलाला पहिल्यांदा स्वामी समर्थच आठवतात. ते बरोबरच आहे. पण स्वामी 1857 च्या सुमारास अक्कलकोटला आले तेव्हा तिथलं संस्थान जवळजवळ दीडशे वर्षांचं झालेलं होतं. सहलीला गेल्यावर मुलं राजवाडा बघतात, शस्त्रागारातल्या तलवारी आणि बंदुका बघून हरखून जातात आणि मग हमखास एक प्रश्न येतो. हे राजे भोसले आहेत ना, मग ते शिवाजी महाराजांचे कोण?

हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. मुलाला धड हो म्हणता येत नाही आणि धड नाहीही म्हणता येत नाही. त्यासाठी 1707 सालापर्यंत मागं जावं लागतं, आणि त्याच्याही आधी एका कैदेत वाढलेल्या मुलापासून सुरुवात करावी लागते.

तो कैदेतला मुलगा म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र शाहू. (वर्गात आधीच सांगून टाकावं की हे थोरले शाहू महाराज, साताऱ्याचे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे, त्यांच्यात दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे. मुलं दर वेळी घोटाळा करतात, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही करतात.) 1689 च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीला रायगड मोगलांच्या हाती पडला. त्या वेळी आई येसूबाईंबरोबर शाहूही पकडले गेले. वय फक्त सात. पुढची जवळजवळ 18 वर्षं ते औरंगजेबाच्या छावणीत होते. छावणी जाईल तिकडं जायचं, डेऱ्यात राहायचं, ज्यानं वडिलांना मारलं त्याच्याच घरात लहानाचं मोठं व्हायचं. बादशहानं त्यांना मारलं नाही. उलट राजा हा किताब दिला, मनसब दिली, लग्नंही लावून दिली. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिनं या मायलेकरांना माया लावली असं इतिहास सांगतो.

यातला एक धागा आपल्या जिल्ह्यातून जातो. मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठी माचणूर आणि ब्रह्मपुरी आहे. औरंगजेबाची मुख्य छावणी 1695 ते 1699 अशी चार वर्षं तिथं होती. शाहू या बादशाही छावणीबरोबरच फिरत होते आणि तेव्हा त्यांचं वय 13 ते 17 होतं, म्हणजे आपल्या हायस्कूलच्या पोरांएवढं. सिद्धेश्वराच्या दर्शनाला माचणूरला गेलात तर मुलांना हे जरूर सांगा.

1707 च्या सुरुवातीला औरंगजेब अहमदनगरला वारला. त्याचा मुलगा आझमशहा दिल्लीच्या तख्तासाठी उत्तरेकडं निघाला आणि मे महिन्यात भोपाळच्या जवळपास त्यानं शाहूंना सोडलं. येसूबाईंना मात्र ओलीस म्हणून ठेवून घेतलं. त्या सुटल्या थेट 1719 साली. म्हणजे शाहू 25 वर्षांचे, हातात पैसा नाही, फौज नाही, आई शत्रूकडं, असे महाराष्ट्रात परतत होते. इकडं ताराबाई आपल्या मुलाच्या नावानं राज्य चालवत होत्या. त्यांनी हा येणारा माणूस शाहू नव्हेच, तोतया आहे असं जाहीर केलं. हा तोतया शब्द लक्षात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

खानदेशात काही सरदार शाहूंना येऊन मिळाले. परसोजी भोसले, नेमाजी शिंदे अशी मातब्बर माणसं त्यात होती. ही फौज घेऊन ते औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) बाजूच्या मुलखातून दक्षिणेकडं येत असताना वाटेत पारद नावाचं गाव लागलं. तिथले पाटील सयाजी लोखंडे यांनी शाहूंना वाट दिली नाही. लढाई झाली. पाटलांच्या बाजूनं विचार केला तर त्यात नवल वाटत नाही. सत्तावीस वर्षं मुलखात युद्ध चाललेलं, आज मोगलांची फौज, उद्या आणखी कुणाची. समोरून येणारा माणूस खरा छत्रपती की तोतया हे गावच्या पाटलानं कशावरून ठरवायचं? लढाईत पाटील मारले गेले.

आणि मग ती गोष्ट घडली. पाटलांची विधवा पत्नी आपल्या लहान मुलाला घेऊन आली आणि ते पोर तिनं शाहूंच्या पालखीत टाकलं. हे आता तुमचं, मारा नाहीतर तारा, असाच त्याचा अर्थ. मुलाचं नाव होतं राणोजी.

मला या सगळ्या चरित्रात या बाईंचा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. नवरा काही वेळापूर्वी पडलाय, गाव हरलंय, आणि ज्याच्या माणसांनी नवऱ्याला मारलं त्याच्याच ओंजळीत ती पोटचं पोर ठेवते. एका संस्थानाची सुरुवात या बाईंच्या निर्णयातून झाली. पण प्रचलित गोष्टीत त्यांची ओळख फक्त सयाजी पाटलांची बायको एवढीच. मुलींना हे लगेच खटकतं. खटकलंच पाहिजे.

शाहूंनी मूल परत दिलं असतं किंवा एखाद्या सरदाराकडं सोपवलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी ते स्वतःकडं ठेवून घेतलं. राज्याच्या वाटेवर मिळालेला हा पहिला विजय म्हणून मुलाचं नाव ठेवलं फत्तेसिंह, आणि आडनाव दिलं आपलं स्वतःचं. लोखंड्यांचा राणोजी त्या दिवसापासून फत्तेसिंह भोसले झाला. त्या वेळी शाहूंच्या मनात काय आलं असेल ते लिहून ठेवलेलं नाही. पण 18 वर्षं शत्रूच्या छावणीत वाढलेल्या माणसासमोर शत्रूचं मूल येऊन पडलं होतं, एवढं तर आपल्याला दिसतंच. मी वर्गात इथं थांबते आणि पुढं काही बोलत नाही. चौथीतली मुलंसुद्धा हे आपलं आपण जुळवतात.

पुढच्या घटना भरभर घडल्या. ऑक्टोबर 1707 मध्ये भीमेकाठी खेडला ताराबाईंच्या फौजेशी गाठ पडली आणि सेनापती धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले. 12 जानेवारी 1708 ला साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. पारदचं पोर छत्रपतींच्या वाड्यात आलं.

वाड्यात त्याला वाढवलं कुणी? विरूबाईंनी. या विरूबाई कैदेतल्या दिवसांपासून शाहूंबरोबर होत्या. त्या लग्नाच्या राणी नव्हत्या. सकवारबाई आणि सगुणाबाई या दोन राण्या होत्या, पण महाराजांच्या घरचा कारभार विरूबाईंच्या हातात असे आणि त्यांचा मान मोठा होता. फत्तेसिंह त्यांचा मुलगा म्हणूनच वाढले. म्हणजे बघा, राणी नसलेली आई, राजरक्ताचा नसलेला मुलगा, आणि ज्याची स्वतःची आई अजून दिल्लीत अडकलेली आहे असा राजा. आपण फळ्यावर काढतो त्या कुटुंबाच्या चित्रात हे घर बसत नाही. आपल्या वर्गातही मामाकडं राहून शिकणारी, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीकडं असणारी मुलं असतातच. ती ही गोष्ट फार शांतपणे ऐकतात.

1712 च्या सुमारास शाहू महाराजांनी फत्तेसिंहांना अक्कलकोट आणि त्याच्या भोवतालचा मुलूख जहागीर म्हणून दिला. बोरी नदीच्या खोऱ्यातला हा प्रदेश, मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारा, अर्धी ज्वारी आणि अर्धी तूर पिकवणारा. पुढं याच्या पूर्वेला निजामाचं राज्य उभं राहिलं आणि अक्कलकोट ऐन सीमेवर आलं. तेव्हा फत्तेसिंह लहानच होते, त्यांचं घर साताऱ्यालाच होतं. जहागीर नावावर झाली, पण तिथं जाऊन राहणं खूप नंतरचं.

तरुण झाल्यावर त्यांना मोहिमांवर पाठवायला सुरुवात झाली. पहिली मोठी मोहीम कर्नाटकची. 1725-26 मध्ये मराठी फौज चित्रदुर्गापर्यंत गेली आणि 1726-27 मध्ये श्रीरंगपट्टणपर्यंत. या फौजेत पहिले बाजीराव पेशवे होते, इतर मोठमोठे सरदार होते, पण नावानं प्रमुख होते फत्तेसिंह. 1707 मध्ये पालखीत टाकण्याएवढं लहान असलेलं मूल 1725 ला फार तर विशीतलं असणार. (हे गणित मुलांकडून करून घ्या, इतिहासाच्या तासाला वजाबाकी चालते.) मग बाजीरावांसारखा सेनापती असताना या पोराला पुढं का केलं? शाहू महाराज स्वतः सातारा सोडून फारसे कुठं जात नसत. सरदारांचे आपापसात हेवेदावे होते आणि एकानं दुसऱ्याचं ऐकायचं म्हणजे मोठी पंचाईत. अशा वेळी छत्रपतींच्या घरचा माणूस पुढं असला की सगळ्यांना एका छत्राखाली चालणं सोपं जातं. फत्तेसिंहांच्या हातात तलवार होतीच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या रूपानं खुद्द महाराजांचं घर फौजेबरोबर चालत होतं.

1733 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीवर मोहीम निघाली तेव्हाही महाराजांनी बाजीरावांबरोबर फत्तेसिंहांना पाठवलं. जंजिरा काही पडला नाही. सरदारांचं एकमेकांत जमलं नाही हे त्याचं एक कारण. मात्र याच मोहिमेत रायगड परत मिळाला, तोही प्रतिनिधींच्या हातून. ज्या गडावर सात वर्षांचे शाहू पकडले गेले होते तो गड 44 वर्षांनी स्वराज्यात आला.

सगळ्यात गाजलेली मोहीम 1740-41 ची. तंजावरला शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचे वंशज राज्य करत होते आणि अर्काटच्या नवाबाकडून, खास करून त्याचा जावई चंदासाहेब याच्याकडून, त्यांना त्रास होत होता. शाहू महाराजांना या दूरच्या भाऊबंदांची फार काळजी असे. त्यांनी नागपूरकर रघुजी भोसले आणि फत्तेसिंह या दोघांना मोठी फौज देऊन दक्षिणेत पाठवलं. मे 1740 मध्ये दमलचेरीच्या घाटात लढाई झाली आणि नवाब दोस्तअली मारला गेला. मार्च 1741 मध्ये त्रिचनापल्ली पडली, चंदासाहेब कैद झाला आणि किल्ला मुरारराव घोरपड्यांच्या ताब्यात दिला. चंदासाहेबाला पुढं कित्येक वर्षं मराठ्यांच्या कैदेत काढावी लागली. नकाशा काढून बघा, अक्कलकोटपासून त्रिचनापल्ली किती लांब आहे ते. घोड्यावरून, तोफा ओढत.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते. स्थानिक व्यक्तीवर लिहिताना आपल्याला उगीच चढवून लिहायची सवय असते. फत्तेसिंह हे बाजीरावांच्या किंवा रघुजींच्या तोडीचे सेनानी नव्हते. या मोहिमेत डावपेच रघुजींचे होते. फत्तेसिंहांनी स्वतःचा वेगळा दरारा निर्माण केला, नवा मुलूख काढला, दरबारात गट बांधला असं काही झालं नाही. पण ज्या काळात जो तो सरदार स्वतःचं स्वतंत्र राज्य उभारायच्या मागं होता, त्या काळात छत्रपतींच्या इतक्या जवळच्या या माणसानं तसं काही केलं नाही, हेही त्याच कागदावर लिहायला हवं.

1740 मध्ये विरूबाई वारल्या. त्यांचं उत्तरकार्य फत्तेसिंहांनी मुलाच्या नात्यानं केलं आणि त्यांची खासगी मालमत्ताही फत्तेसिंहांकडेच आली. त्यानंतर त्यांचं राहणं हळूहळू अक्कलकोटला झालं.

खरी परीक्षा 1749 मध्ये आली. शाहू महाराज आजारी, आणि गादीला मुलगा नाही. राज्याचा वारस कोण? 42 वर्षं ज्याला मुलगा म्हटलं तो फत्तेसिंह होता की समोर. आडनाव भोसले, मोहिमांचा अनुभव, दरबाराची ओळख. पण छत्रपतींच्या गादीचा प्रश्न आला तेव्हा रक्त आठवलं. जन्मानं ते लोखंडे. घरात मुलगा, जहागिरीत मुलगा, मोहिमेत मुलगा, पण गादीवर नाही. शेवटी ताराबाईंनी पुढं आणलेला, आपला नातू म्हणून सांगितलेला रामराजा वारस ठरला. तो लहानपणापासून लपवून वाढवला होता. डिसेंबर 1749 मध्ये शाहू महाराज गेले आणि रामराजा साताऱ्याच्या गादीवर आला.

आणि वर्षभरात काय झालं? ताराबाईंनी त्याच रामराजाला किल्ल्यावर कैदेत टाकलं आणि हा आपला नातूच नव्हे, तोतया आहे असं जाहीर केलं! ज्या बाईंनी 1707 मध्ये शाहूंना तोतया म्हटलं त्यांनीच. ज्या रक्तासाठी फत्तेसिंहांना बाजूला ठेवलं, त्या रक्तावरच प्रश्न उभा राहिला.

फत्तेसिंहांनी यावर काही बंड केलं नाही, कुणाच्या गटात शिरून गादी मागितली नाही. ते अक्कलकोटला राहिले. त्यांना वाईट वाटलं असेल का, असं मुलं विचारतात. वाटलं असेलच, माणूस आहे. पण त्यांनी पत्करलं ते अक्कलकोट. 1760 च्या नोव्हेंबरमध्ये, पानिपतच्या लढाईच्या जेमतेम दोन महिने आधी, ते वारले.

दूर जपानमध्ये याच्या बरीच वर्षं आधी एक अशीच गोष्ट घडली होती. उएसुगी केनशिन या मोठ्या सामुराई सरदारानं, होजो या आपल्या जुन्या शत्रुघराण्यातला एक मुलगा तहाच्या वेळी दत्तक घेतला आणि त्याला आपलं स्वतःचं आधीचं नाव दिलं, कागेतोरा. केनशिन 1578 मध्ये वारस न सांगता वारला. त्याचा भाचा कागेकात्सु, तोही दत्तकच, आणि हा कागेतोरा यांच्यात वारसाचं युद्ध पेटलं आणि पुढच्याच वर्षी कागेतोराचा अंत झाला. नाव देणारा गेला की दत्तक मुलाचं काय होतं, याचं ते एक टोक. फत्तेसिंहांच्या हाताशी स्वतःची जहागीर होती, आणि गादीसाठी तलवार काढायची नाही एवढा समंजसपणाही होता. म्हणून घराणं टिकलं.

टिकलं, पण कसं? फत्तेसिंहांना मुलगा नव्हता. त्यांनी दत्तक घेतला तो पारदच्या लोखंडे भाऊबंदांतूनच. म्हणजे 53 वर्षांनी पारदशी नातं परत जोडलं गेलं. या दत्तक मुलाचं नाव झालं शहाजी भोसले.

पुढचं थोडक्यात सांगते. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, 1820 मध्ये इंग्रजांनी अक्कलकोटकरांशी तह केला आणि त्यांना साताऱ्याच्या छत्रपतींचे मांडलिक म्हणून ठेवलं. 1848 मध्ये साताऱ्याच्या महाराजांना पोटचा मुलगा नव्हता. त्यांनी दत्तक घेतला होता, पण डलहौसीनं तो दत्तक नाकारला आणि सातारचं राज्य खालसा केलं. दत्तकाच्या मुद्द्यावरून थोरली गादी गेली, आणि जे संस्थान मुळात सांभाळलेल्या मुलापासून सुरू झालं ते अक्कलकोट त्यापुढं आणखी 100 वर्षं चाललं. 1948 मध्ये ते भारतात विलीन झालं आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याचा भाग झालं.

वर्गात वंशावळ काढायची असेल तर रक्ताच्या नात्याला सरळ रेघ आणि सांभाळलेल्या किंवा दत्तक नात्याला तुटक रेघ असं ठरवून घ्या. शाहू महाराजांपासून फत्तेसिंहांपर्यंत तुटक रेघ, फत्तेसिंहांपासून शहाजींपर्यंत परत तुटक. मग दुसरीकडून सयाजी लोखंड्यांपासून फत्तेसिंहांपर्यंत सरळ रेघ काढा आणि शहाजींनाही त्याच लोखंडे बाजूला जोडा. सयाजींच्या शेजारी त्यांच्या पत्नीसाठी एक रिकामी चौकट ठेवा. आणि मुलांना गादीवरच्या राजांची नावं ओळीनं वाचायला लावा. फत्तेसिंह, शहाजी, फत्तेसिंह, मालोजी, शहाजी, मालोजी, शहाजी, फत्तेसिंह, विजयसिंह. शहाजी आणि मालोजी ही शिवाजी महाराजांच्या वडिलांची आणि आजोबांची नावं. ती लोखंड्यांच्या वंशातल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली, आणि मधून मधून येत राहिलं ते पारदच्या लढाईतून आलेलं एक नाव.